जुन्या इंजिनाची नाडीपरीक्षा

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी एका वादाला तोंड फुटले आणि तो तुळशीच्या लग्नापर्यंत चालला. वादाचा विषय होता आमची जुनी मोटार. ही मारुती ८०० आमच्या वडिलांनी १९९६ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतली. घरातली ती पहिली मोटार; आजही दुसरी नाही. गोव्यात साखळीला आमच्या बहिणीचे घर आहे. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट या मार्गाने तिच्याकडे जाणे-येणे याच गाडीने होते. जाताना घाटाचा उतार असतो, तेव्हा गाडी हसतखेळत जाते. परत येताना मात्र पाच माणसे आणि बहिणीने दिलेले नारळ घेऊन चढणीला लागली म्हणजे पहिल्या गियरपर्यंत पाळी येते, उष्णतेचा काटा तांबड्या खुणेकडे झुकतो आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागतात.

आमचा पुतण्या यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याने साठविलेल्या पैशांतून भंगारबाजारातून एका डिझेल गाडीचा लहानसा टर्बोचार्जर विकत आणला, तो वर्तमानपत्रावर मांडून ठेवला आणि म्हणाला, "काका, आता आपली गाडी घाटात कुणाला वाट देणार नाही." आमच्या मातोश्री शेजारीच वाती वळीत बसल्या होत्या. त्या वर न पाहता म्हणाल्या, "ती तुझ्या आजोबांची गाडी आहे. काय करायचं ते कर, पण ती बंद पडता कामा नये."

मातोश्रींनी घातलेली ही अट वाटते तितकी साधी नव्हती. ती पाळावयाची तर आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळविणे भाग होते: हे इंजिन आज कोणत्या अवस्थेत आहे? ते उत्तर शोधताना आम्ही जे पाहिले व मोजले, ते विद्यार्थिमित्रांना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहो.

प्रथम टर्बोचार्जर म्हणजे काय ते पाहू. इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर नळीवाटे बाहेर निघून जातो. या फुकट जाणाऱ्या वायूच्या झोताने एक लहानसे चक्र फिरवावयाचे, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसविलेल्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, अशी ही युक्ती आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. इंजिनात हवा अधिक गेली म्हणजे तीबरोबर पेट्रोलही अधिक जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती निघते. सायकलच्या पंपाने टायरमध्ये हवा ठासावी तसाच हा प्रकार. फरक एवढाच की हा पंप मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो.

पुतण्याजवळ त्याच्या बाजूचा एक सबळ पुरावा होता. आमच्या गाडीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे असून त्याची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती आहे. याच घराण्यातले ५४३ घनसेंटिमीटरचे धाकटे इंजिन सुझुकी कंपनीने १९८७ साली जपानमध्ये 'आल्टो वर्क्स' या गाडीत टर्बोचार्जर लावून बसविले आणि त्यातून ६४ अश्वशक्ती काढल्या. "धाकटा भाऊ चौसष्ट देतो, मग थोरल्याने सदतीसवर का थांबावे?" असा त्याचा बिनतोड सवाल होता.

त्रैराशिक म्हणून हा सवाल निर्दोष आहे. परंतु त्या धाकट्या भावाची जडणघडणच निराळी होती. त्याला झडपा बारा, त्या चालविणारे दांडे दोन, पेट्रोलचा पुरवठा कार्ब्युरेटरने नव्हे तर विजेच्या नियंत्रणाखालील फवाऱ्याने, आणि दाबलेली हवा थंड करण्यासाठी वेगळे शीतक. हे सारे कारखान्यातच, एकमेकांचा हिशेब धरून केलेले. शिवाय ते इंजिन नवे होते. आमचे तिसाव्या वर्षाकडे झुकलेले. नव्या इंजिनालाही हा भार नेहमीच मानवतो असे नाही. अमेरिकेत १९६२ साली निघालेली ओल्डस्मोबील जेटफायर ही टर्बोचार्जर असलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक. तिच्या इंजिनात मिश्रण मुळातच सव्वादहा पटीने दाबले जात असे. वर टर्बोचार्जरचा दाब आला म्हणजे ते अवेळी पेटू नये म्हणून पाणी व मद्यार्क यांचा फवारा आत सोडण्याची योजना होती. तो द्रव भरून ठेवण्याचे काम मालकाचे. पुष्कळ मालकांना त्याची आठवण राहिली नाही, गाड्या तक्रारी करू लागल्या, आणि अखेरीस कित्येकांचे टर्बोचार्जर काढून साधे कार्ब्युरेटर बसविण्यात आले.

आता भार वाढतो म्हणजे नेमके काय होते, याचा थोडा हिशेब करू. आमच्या इंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ६८.५ मिलिमीटर आहे. म्हणजे दट्ट्याच्या, अर्थात पिस्टनच्या, माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस सेंटिमीटर भरते. पूर्ण भारावर स्फोटाच्या क्षणी दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या घरात जातो असे धरले, तर दट्ट्यावर एका क्षणात १,८०० किलोहून अधिक भार पडतो. संपूर्ण गाडीचे वजन सुमारे ६५० किलो आहे हे लक्षात घ्यावे. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा घाव प्रत्येक दट्ट्यावर सेकंदाला पंचवीस वेळा बसतो. टर्बोचार्जरने वातावरणाच्या दाबावर आणखी सात पौंडांची भर घातली, म्हणजे हवा जवळजवळ दीडपट झाली, आणि घावही त्या मानाने जड झाला.

उष्णतेची गोष्ट तर याहून नाजूक आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे प्रत्येकाने बोटाने अनुभवले असेल. टर्बोचार्जरमध्येही तेच घडते. ३५ अंशांची हवा दीडपट दाबाने भरली असता ती ९० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. इतकी तापलेली हवा सिलिंडरात आणखी आठ-नऊ पटीने दाबली गेली म्हणजे पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्याकोपऱ्यातून आपणच पेटू लागते. यालाच गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे घालून हलवावे तसा आवाज येतो, आणि तो चालू राहिला तर ॲल्युमिनियमचा दट्ट्या काठाशी खचतो किंवा त्यास भोक पडते.

म्हणून इंजिनात जो दोष आज झाकलेला आहे, तो या दाबाखाली उघड्यावर येतो. रिंगा झिजलेल्या असल्या तर आज थोडासा धूर खाली तेलाच्या टाकीत उतरतो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. दाब दीडपट झाला की तोच धूर तेलाची वाफ घेऊन ब्रीदरच्या नळीने पुन्हा आत ओढला जातो. तेल मिसळलेले पेट्रोल लवकर नॉक करते. नॉकिंगने उरल्यासुरल्या रिंगा मोडतात. एकातून एक असे हे अरिष्ट वाढत जाते.

हा युक्तिवाद पुतण्याला पटला असे नव्हे. परंतु "मग मोजूनच पाहू," असे तो म्हणाला, आणि आम्हांला तेवढेच हवे होते. आमच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री उद्यमबागेत काम करतात. रविवारी सकाळी ते गाडीशी आले. हत्यारांची पेटी न उघडता त्यांनी आधी बोनेटवर हात ठेवला. "रात्रभर उभी आहे न्हवं? कुणी चालू केली नाही न्हवं?" एवढेच विचारले.

थंड इंजिन चालू होतानाचा धूर हा पहिला साक्षीदार असतो, हे त्यांच्याकडून समजले. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढरा असून इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत झिरपत आहे. थंडीच्या सकाळी येणारी थोडीशी वाफ मात्र निर्दोष. निळसर असेल तर तेल जळत आहे. निळ्या धुराची वेळही पाहावी लागते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने चालू होताच निळा लोट सोडला आणि मग ती शांत झाली, तर झडपांच्या सिला कडक झाल्या आहेत. चढणीला जोर लावताना निळा धूर सतत येत राहिला, तर संशय रिंगांवर. आमची गाडी चालू होताना निर्मळ होती. घाटात मागून काय निघत होते, ते पुढे बसलेल्यांना कसे दिसावे? भोंगे वाजविणाऱ्यांना ते दिसत असणार.

तेलाची कांडी काढून पाहिली. तेल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले नव्हते. "हजार किलोमीटरला तेल किती घालता?" या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही, कारण कमी दिसले की घालावे एवढीच आमची रीत. मिस्त्री नुसते हसले. गाडी तेल खाते की नाही हे मालकाने लिहून ठेवावे, अशी त्यांची साधी अपेक्षा होती. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात आमचे आयुष्य गेले. गाडीची वही मात्र आम्ही ठेवली नाही.

यानंतरची परीक्षा सर्वांत महत्त्वाची: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते मोजणे. इंजिन चालवून गरम केले. तिन्ही प्लग काढले, ठिणगीची तार सोडविली, आणि पहिल्या प्लगच्या भोकात दाबमापक घट्ट बसविला. पुतण्याने ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरला व स्टार्टर फिरविला. ॲक्सिलरेटर दाबून धरण्याचे कारण असे की, एरवी हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि काटा विनाकारण कमी दाखवितो. बॅटरीही भरलेली असावी लागते, नाही तर इंजिन मंद फिरते व आकडा फसवा येतो. पाच-सहा दणक्यांत काटा स्थिर झाला. पहिल्या सिलिंडरात १४८ पौंड, दुसऱ्यात १४४, आणि तिसऱ्यात १०८.

येथे एक भूगोलाची गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तकांतील आकडे सामान्यतः समुद्रसपाटीचे असतात. बेळगाव सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे; येथे वातावरणाचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा बाराव्या हिश्श्याने कमी भरतो. म्हणून जे निरोगी इंजिन पणजीला १७० दाखवील, ते येथे १५५च्या आसपास दाखविणार. हे माहीत नसल्यास चांगल्या इंजिनास उगाच आजारी ठरविले जाईल. तेव्हा आमच्या पहिल्या दोन सिलिंडरांचे आकडे वयाच्या मानाने बरेच म्हणावे लागतील. आकडा किती आला यापेक्षा आकडे एकमेकांशी किती जुळतात हे अधिक पाहावयाचे असते. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. आमच्या तिसऱ्यात तो २७ टक्के होता.

दाब कमी असण्याची कारणे अनेक. रिंगा झिजल्या असतील, झडप नीट बसत नसेल, वा हेडखालचे गॅस्केट फुटले असेल. यांतले कोणते, हे ओळखण्याची जी युक्ती आहे तिचे आम्हांला फार कौतुक वाटले. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा तेल आत सोडावयाचे आणि पुन्हा दाब मोजावयाचा. तेल दट्ट्याच्या कडेने पसरून रिंगांची फट तात्पुरती बुजविते. झडपांवर त्याचा काही परिणाम होत नाही. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपांचा किंवा गॅस्केटचा. तिसऱ्या सिलिंडराचा काटा १०८ वरून १४० वर चढला. पुतण्या काही बोलला नाही. त्याने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

मिस्त्रींनी मग हवेचा पंप मागवून उलट परीक्षा केली. दट्ट्या अगदी वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या भोकातून १०० पौंड दाबाची हवा आत सोडावयाची आणि त्यातली किती टक्के गळते ते दोन मापकांवर पाहावयाचे. यात एक धोका आहे, तो मुलांनी नीट ध्यानात ठेवावा. एवढ्या हवेचा दट्ट्यावर अडीचशे किलोहून अधिक भार पडतो. दट्ट्या तिळभर जरी बाजूला असला तरी इंजिन झटक्याने फिरते. पट्ट्याजवळ किंवा पान्यावर हात असेल तर बोटे जातील. म्हणून गाडी वरच्या गियरमध्ये घालून ब्रेक पक्का लावल्यावाचून हा प्रयोग कुणी करू नये, आणि मुलांनी एकट्याने तर कधीच नाही.

या परीक्षेची मौज अशी की तीत डोळ्यांपेक्षा कानांचा उपयोग अधिक. गळणारी हवा कोठून सूं करते, तेथे रोग. कार्ब्युरेटरमधून आवाज आला तर आत घेणारी झडप गळते. मागच्या धुराच्या नळीतून आला तर बाहेर सोडणारी. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे उठले तर गॅस्केट गेले किंवा हेडला चीर आहे. तेल ओतावयाच्या तोंडाशी आला तर रिंगा व सिलिंडर. आम्ही आळीपाळीने सगळीकडे कान लावले. पहिल्या दोहोंत गळती बारा-चौदा टक्के. दहाच्या आत उत्तम समजतात आणि विसाच्या पुढे काळजी करावी असे म्हणतात. तिसऱ्यात अडतीस! तेलाच्या तोंडाशी नुसता कानच नव्हे, तर तळहातालाही वारा लागत होता.

वास्तविक पाहता येथेच निकाल लागला होता. परंतु टर्बोचार्जरच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहणे राहिले होते, ती म्हणजे तेलाचा दाब. टर्बोचार्जरचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल इंजिनाच्याच पंपाकडून येते. त्याचा दाब क्षणभर कमी पडला तर लाखभर फेरे घेणारा दांडा धातूवर घासतो, आणि पुढे काही उरत नाही. गाडीत तेलाचा तांबडा दिवा असतो. तथापि त्याच्यावर विसंबू नये. दाब जवळजवळ नाहीसा झाल्यावाचून तो पेटत नाही. म्हणजे आग विझल्यावर येणाऱ्या बंबासारखी त्याची गत. मिस्त्रींनी त्या दिव्याचा स्विच काढून तेथे खरा मापक बसविला. दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड हा जुना अडाखा आहे. त्या हिशेबाने ३,००० फेऱ्यांना किमान ३० पौंड हवा होता. तापलेल्या इंजिनात तो २४ भरला. क्रँकशाफ्टची बेअरिंगे सैल झाली असावीत, असा याचा अर्थ.

बाकीच्या परीक्षा आम्ही भराभर उरकल्या. निर्वातमापकाचा काटा बेळगावच्या उंचीला जेथे पंधरा-अठरा इंच असावा, तेथे चौदावर होता. रेडिएटर खालच्या अंगाला थंड लागला, म्हणजे त्याच्या नळ्या अर्ध्याअधिक तुंबलेल्या. घाटात काटा तांबड्याकडे का जात असे, याचा उलगडा तेथेच झाला. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबल्या असता चिरा दिसू लागल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते व जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा त्या बदलणे प्राप्तच होते. दुकानात तेल दाट करणारी एक बाटली मिळते. ती ओतली असता धूरही कमी होतो व आवाजही बसतो. कुणी शेजाऱ्याने तिची शिफारस केली. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून टाकण्यासारखे ते आहे, असे आमचे मत.

शेवटी भंगारातून आणलेल्या टर्बोचार्जरचीही नाडी पाहिली. दांडा दोन बोटांत धरून वरखाली हालविला, तर चक्राची पाती घराला घासू लागली. तोही बिचारा आपले आयुष्य उपभोगून आलेला होता.

त्या रात्री जेवताना पुतण्या फार थोडा बोलला. त्याचे पैसे गेले होते, आणि त्याहूनही त्याचे चित्र गेले होते. कुणी त्याला टोमणा मारला नाही, हे आमच्या मातोश्रींचे श्रेय. उलट त्यांनीच विचारले, "मग आता ती बरी कशी करायची?" आठ दिवसांनी गाडी उद्यमबागेत नेऊन इंजिन खोलले.

हेड काढल्यावर सिलिंडराच्या आतून वरच्या काठाशी नख फिरविले असता एक बारीक कंगोरा लागतो. रिंग जेथवर घासते तेथवर झीज होते आणि त्यावरचा भाग मूळचा तसाच राहतो, त्याने हा कंगोरा तयार होतो. मापकाने तिसरा सिलिंडर वरच्या बाजूस, खालच्या न झिजलेल्या भागापेक्षा, ०.१४ मिलिमीटरने रुंद भरला. ०.१० मिलिमीटरच्या पुढे गेले तर सामान्यतः बोअर करणेच इष्ट. दट्ट्या बाहेर काढला तेव्हा त्याची दुसरी रिंग दोन तुकडे होऊन खाचेत बसलेली आढळली. मिस्त्रींनी तो तुकडा पुतण्याच्या हातावर ठेवला. "ह्याच्यावर तुझा टर्बो बसला असता तर काय झालं असतं, बघ." तुकड्याच्या अणकुचीदार टोकाने सिलिंडराच्या भिंतीवर आधीच एक उभा ओरखडा काढला होता. बेअरिंगांचा पांढरा लेप उडून खालचे तांबे दिसू लागले होते.

तिन्ही सिलिंडर अर्ध्या मिलिमीटरने वाढवून बोअर केले, त्या मापाचे नवे दट्ट्ये व रिंगा घातल्या, बेअरिंगे बदलली, झडपा घासून बसविल्या, हेडची सपाटी पट्टीने तपासली, नवा रेडिएटर बसविला. या कामी खर्च किती आला ते येथे सांगत नाही. तो टर्बोचार्जर बसविण्यासाठी काढलेल्या अंदाजाच्या बाहेर गेला नाही, एवढे मात्र खरे.

कायद्याची बाजू सांगावयाची राहिली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि इंजिनातील फेरफारासाठी नोंदणी अधिकाऱ्यांची परवानगी लागते. पंधरा वर्षांवरील खाजगी गाडीची तर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण व्हावयाचे असते. ही गोष्ट आम्ही सर्वांत आधी पाहावयास हवी होती. पाहिली सर्वांत शेवटी.

गाडी परत आल्यावर पहिले हजार किलोमीटर पुतण्याने स्वतः, कुणालाही हात लावू न देता, हळूहळू चालविली, कारण नव्या रिंगांना सिलिंडरात मुरण्यास अवधी द्यावा लागतो. त्यानंतर आम्ही तिघांनी पुन्हा मापे घेतली: १६०, १५८, १६०. तापलेल्या इंजिनात ३,००० फेऱ्यांना तेलाचा दाब ४४ पौंड. संक्रांतीला आम्ही साखळीला जाऊन आलो. येताना पाच माणसे होती, नारळ होते, शिवाय बहिणीने एक फणसाचे रोप कुंडीसकट दिले होते. चोर्ल्याचा बराचसा चढ गाडीने दुसऱ्या गियरमध्ये घेतला, दोन अवघड वळणांवर मात्र पहिला घालावा लागला. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. सदतीस अश्वशक्तींपैकी कितीतरी आमच्या गाडीतून केव्हाच नाहीशा झाल्या होत्या; त्या परत आल्या, इतकेच.

पुतण्याने मोटारीसाठी आता एक वही घातली आहे. तीत तेल किती घातले, पेट्रोल किती लागले, मापे कोणत्या दिवशी घेतली, हे सारे तारीखवार लिहिलेले असते. पुढची मापे पाच हजार किलोमीटरला घ्यावयाची आहेत. त्यासाठी त्याने एक पान आखून कोरे ठेवले आहे. भंगारातला टर्बोचार्जर त्याने रॉकेलने स्वच्छ धुऊन, एका बाजूने करवतीने कापून, आमच्या शाळेच्या विज्ञानकक्षाला दिला. कपाटाजवळच्या टेबलावर तो ठेवला आहे. आठवीची मुले मधल्या सुटीत तेथे जातात आणि फुंकर मारून त्याचे चक्र फिरवितात.